सुदानच्या आगीत तेल कोण ओतते?

रमजानच्या संध्याकाळी सुदानमध्ये इफ्तार घरात होत नाही, रस्त्यावर होतो. मगरिबच्या आधी मोहल्ल्यातले पुरुष आपापल्या घरातून परात घेऊन बाहेर येतात आणि कडेला चटया अंथरतात. हमरस्त्यालगतच्या गावांत तर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या अडवल्या जातात, कारण रोजा सोडण्याच्या वेळी वाटसरू उपाशी पुढे जाणे ही गावाची नामुष्की समजली जाते. परातीत ज्वारीच्या पिठाची असीदा असते. सोबत ज्वारीपासूनच केलेले ‘हिलू-मुर’ नावाचे पेय असते. या नावाचा अर्थ गोड-कडू. आपल्या भाकरीची ज्वारी मुळात याच मुलखातली. पूर्व सुदानमधल्या उत्खननात तिच्या लागवडीचे फार जुने पुरावे सापडले आहेत.

१५ एप्रिल २०२३ ही शनिवारची सकाळ. सुदानमध्ये तो चोविसावा रोजा होता. रमजानचे शेवटचे दहा दिवस चालू होते आणि ईद आठवड्यावर आली होती. त्या सकाळी राजधानी खार्टूममध्ये तोफा आणि मशीनगन सुरू झाल्या. देशाचे लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ अर्थात आरएसएफ हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. एप्रिल २०२६ ही या युद्धाच्या तीन वर्षांची खूण. सव्वा कोटीच्या आसपास माणसे घरदार सोडून परागंदा झाली. मृतांचा नेमका आकडा कोणीच देऊ शकत नाही. काही अंदाज दीड लाखापर्यंत जातात.

भारतीयांना हे युद्ध पहिल्या आठवड्यांत दिसले होते. ‘ऑपरेशन कावेरी’ मोहिमेत ३,८०० हून अधिक भारतीयांना पोर्ट सुदान आणि जेद्दाहमार्गे परत आणले गेले. ती मोहीम संपली आणि सुदान आपल्या बातम्यांतून गेला. वास्तविक हा देश आपल्याला इतका परका नाही. १९५३ मध्ये तिथली पहिली संसदीय निवडणूक भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली झाली होती. पुण्याच्या महाविद्यालयांत सुदानी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या शिकून गेल्या.

या युद्धाला सगळीकडे ‘दोन सेनापतींचे भांडण’ म्हटले जाते. एका बाजूला लष्करप्रमुख अब्देल फत्ताह अल-बुरहान, दुसऱ्या बाजूला आरएसएफचे मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेदती. हे वर्णन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. नुसत्या भांडणावर युद्ध तीन वर्षे चालत नाही. त्याला दारूगोळा, ड्रोन, इंधन आणि पगार लागतो. सुदानमध्ये यातले बरेचसे बाहेरून येते.

दोस्तांचे वैर

हेमेदतींचे दल आकाशातून पडलेले नाही. २००३ पासून दारफूरमधले बंड मोडण्यासाठी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष उमर अल-बशीर यांनी ‘जंजावीद’ नावाच्या हत्यारबंद टोळ्या मोकळ्या सोडल्या. त्यांनी गावेच्या गावे जाळली. त्याच टोळ्यांतून २०१३ मध्ये आरएसएफ उभे राहिले आणि २०१७ मध्ये कायदा करून त्याला सरकारी मान्यता दिली गेली. त्याच वर्षी दारफूरमधल्या जबल आमिर या सोन्याच्या खाणींवर हेमेदतींचा कब्जा आला. येमेनच्या युद्धात सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीच्या बाजूने लढायला त्यांची माणसे गेली. खाण आणि भाडोत्री लढाई या दोन वाटांनी पैसा आला आणि सरकारी खजिन्यावर अवलंबून नसलेले सैन्य तयार झाले.

एप्रिल २०१९ मध्ये जनतेच्या आंदोलनाने बशीर गेले. पण ३ जूनला, ईदच्या तोंडावर, खार्टूममधल्या धरणे आंदोलनावर गोळीबार होऊन शंभराहून अधिक लोक मारले गेले. तो एकोणतिसावा रोजा होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये बुरहान आणि हेमेदती यांनी मिळून नागरी सरकार उलथवले. म्हणजे आज एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघे लोकशाही चिरडताना खांद्याला खांदा लावून उभे होते. मग आरएसएफ लष्करात कधी विलीन करायचे आणि हुकूम कोणाचा चालायचा, यावरून फाटले.

वाळवंटातला विमानतळ

चाड हा सुदानचा पश्चिमेकडचा शेजारी, जगातल्या अतिगरीब देशांपैकी एक. त्याच्या पूर्व टोकाला, सुदानच्या सरहद्दीजवळ अमजरास नावाचे छोटे गाव आहे. युद्ध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच तिथल्या धावपट्टीवर अमिरातीहून मालवाहू विमाने उतरू लागली. अमिरातीने तिथे सुदानी निर्वासितांसाठी फिरते रुग्णालय उभारल्याचे जाहीर केले. रुग्णालय खरेच होते आणि तिथे रुग्णांवर उपचारही झाले. प्रश्न होता तो विमानांतून आणखी काय उतरत होते याचा.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने जानेवारी २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेला दिलेल्या अहवालात याची दखल घेतली. अमजरासमार्गे आठवड्यातून अनेकदा आरएसएफला शस्त्रे पोहोचवली जात असल्याचे आरोप समितीला विश्वासार्ह वाटले. तिथून माल ट्रकने दारफूरमध्ये जातो, असे चित्र त्यातून समोर आले. अमिरातीने हा आरोप तेव्हाही फेटाळला आणि नंतरही सातत्याने फेटाळत आली आहे. आपण कोणत्याही बाजूला शस्त्रे देत नाही, मदत केवळ मानवतावादी आहे, ही तिची अधिकृत भूमिका आहे.

मात्र त्यानंतर पुरावे वाढत गेले. अमिरातीत बनलेली आणि फ्रेंच संरक्षण यंत्रणा बसवलेली चिलखती वाहने सुदानमध्ये वापरात असल्याचे ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल’ने नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवून दिले. पुढच्या वर्षी चिनी बनावटीचे मार्गदर्शित बॉम्ब आणि तोफा अमिरातीमार्गेच तिथे पोहोचल्याचे याच संस्थेने मांडले. बल्गेरियाने अमिरातीला विकलेले उखळी तोफांचे गोळे दारफूरमध्ये सापडले, तेव्हा बल्गेरियाने स्पष्ट केले की हा माल पुढे कोणाला द्यायला आपण परवानगी दिलेली नव्हती. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाचे निवृत्त सैनिक आरएसएफच्या बाजूने दारफूरमध्ये लढताना आढळले.

छुप्या मदतीची रीत यातून उलगडते. शस्त्र बनवणारा देश वेगळा, विकत घेणारा वेगळा, ज्याच्या जमिनीवर ते उतरते तो वेगळा आणि चालवणारा आणखी वेगळा. शस्त्र विकताना ‘ते अखेर कोण वापरणार’ याचे प्रमाणपत्र घेतले जाते, पण एकदा माल पोहोचला की ते कोणी तपासायला जात नाही. साखळीतला प्रत्येक जण आपल्यापुरता कागद दाखवून मोकळा होतो. एका वाटेवर गवगवा झाला की दुसरी उघडते. अमजरासवर नजरा वळल्यानंतर दक्षिण लिबियातल्या कुफ्राची वाट आणि सोमालियातल्या बोसासो विमानतळाचा वापर यांची चर्चा सुरू झाली.

यातला सर्वांत बोचणारा भाग रुग्णालयाचा आहे. मदतीच्या विमानाबद्दल एकदा संशय निर्माण झाला की तो मदतीच्या प्रत्येक विमानाला चिकटतो. खऱ्या औषधांचा ट्रकही मग नाक्यावर अडतो. ज्या महिन्यात जगभरचे मुसलमान जकात आणि सदका बाजूला काढतात, त्या महिन्यात हे नुकसान शस्त्रांच्या नुकसानाइतकेच गंभीर मानायला हवे.

सोने, बंदर आणि हिशेब

अमिरातीला यातून काय मिळते? पहिले उत्तर सोने. सुदान आफ्रिकेतल्या मोठ्या सोने-उत्पादक देशांपैकी आहे आणि तिथले सोने प्रामुख्याने दुबईच्या बाजारात जाते. यात एक विलक्षण गोष्ट आहे. अमिरातीला शत्रू म्हणणाऱ्या लष्कराच्या ताब्यातल्या भागातले सोनेही युद्धकाळात बहुतांशी तिकडेच विकले गेले. दोन्ही बाजूंची लढाई एकाच बाजारपेठेच्या पैशावर चालते. सोने वितळले की ते कुठल्या खाणीचे हे सांगता येत नाही. दुबईहून सोने घेणाऱ्या देशांत भारतही आहे. सराफाच्या काचेमागचा दागिना आपला उगम सांगत नाही.

दुसरे कारण तांबड्या समुद्राचा किनारा. डिसेंबर २०२२ मध्ये अमिरातीच्या कंपन्यांनी तिथे सहा अब्ज डॉलरच्या बंदर प्रकल्पाचा करार केला होता. युद्धानंतर सुदान सरकारने तो रद्द केला. तिसरे कारण राजकीय. सुदानी लष्करात बशीर-काळातल्या इस्लामी राजकीय गटांचा प्रभाव आहे आणि अशा गटांना अमिरात आपल्या राजवटीचा धोका मानते. धर्म एक, भाषा एक, तरी वैर टोकाचे. हे युद्ध धर्माच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला म्हणूनच काही कळत नाही. दोन्हीकडे रोजे धरणारी माणसे आहेत. मारणारा आणि मरणारा दोघेही एकाच किबल्याकडे तोंड करून नमाज पढतात.

दुसऱ्या बाजूचे हातही स्वच्छ नाहीत. इजिप्त पहिल्यापासून लष्कराच्या पाठीशी आहे. युद्धाच्या पहिल्याच दिवशी मेरोवे हवाई तळावर इजिप्तचे सैनिक आरएसएफच्या हाती सापडले होते. नंतर इराणी आणि तुर्की ड्रोन लष्कराकडे आले. रशियाशी संबंधित वॅग्नर गटाचे आधी हेमेदतींशी सूत होते, पुढे रशियाने लष्कराशी जवळीक साधली. लष्कराच्या विमानांनीही बाजारांवर आणि वस्त्यांवर बॉम्ब टाकले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आधी हेमेदतींवर आणि मग काही दिवसांतच बुरहान यांच्यावर निर्बंध लादले. फरक एवढाच की लष्कर हे मान्यताप्राप्त सरकारच्या नावाने खरेदी करते, तर आरएसएफचा पुरवठा लपूनच करावा लागतो. गोळी लागणाऱ्याला हा फरक जाणवत नाही.

शेजाऱ्याच्या अंगणात

अमजरास हा चाडवर राज्य करणाऱ्या देबी घराण्याचा आणि त्यांच्या झघावा जमातीचा मुलूख. ही जमात सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना राहते. पलीकडे दारफूरमध्ये आरएसएफने ज्यांच्यावर हल्ले केले त्यांत झघावाही आहेत. आपल्याच भाऊबंदांना मारणाऱ्यांची रसद आपल्या गावातून जाते, ही भावना चाडच्या सैन्यात आणि सत्ताधारी वर्तुळात खदखदते आहे. आपण कोणाला मदत करत नाही, असे चाड सरकार म्हणते. चाडमध्ये आधीचेच चार लाख सुदानी निर्वासित होते. आता ती संख्या बारा लाखांच्या पुढे गेली आहे. अमिरातीकडून कर्ज मिळते, पण निर्वासितांसाठी पाणी, जमीन आणि सरपण पुरवावे लागते ते पूर्व चाडच्या गरीब गावांना.

या दोन देशांनी हा खेळ पूर्वीही खेळून पाहिला आहे. २००५ नंतर सुदानने चाडमधल्या बंडखोरांना आणि चाडने दारफूरमधल्या बंडखोरांना हत्यारे दिली. फेब्रुवारी २००८ मध्ये सुदानने पोसलेले बंडखोर चाडची राजधानी एन्जामेनामध्ये घुसले. मे २००८ मध्ये चाडच्या पाठिंब्यावरचे बंडखोर खार्टूमला लागून असलेल्या ओमदुरमानपर्यंत पोहोचले. दोन्ही राजवटी थोडक्यात वाचल्या. २०१० मध्ये समेट करून सरहद्दीवर संयुक्त दल नेमावे लागले.

हा धडा केवळ आफ्रिकेचा नाही. ऐंशीच्या दशकात श्रीलंकेतल्या तमिळ गटांना भारताने गुपचूप प्रशिक्षण दिले होते. १९८७ मध्ये शांतिसेना पाठवावी लागली, तेव्हा त्यातल्याच एका गटाशी आपल्या जवानांना लढावे लागले. सुमारे १,२०० जवान कामी आले आणि १९९१ मध्ये माजी पंतप्रधान राजीव गांधींची हत्या झाली. अफगाण लढवय्यांना पोसणाऱ्या पाकिस्तानने पुढे आपल्याच शहरांत स्फोट पाहिले. दुसऱ्याच्या हाती दिलेले शस्त्र ठरावीक दिशेलाच चालेल, याची हमी कोणालाच देता येत नाही.

रमजानचा युद्धविराम

आंतरराष्ट्रीय कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. दारफूरवर २००४ पासून सुरक्षा परिषदेची शस्त्रबंदी आहे आणि तिची मुदत वाढवली जाते. पण ती दारफूरपुरतीच आहे, उरलेल्या सुदानला लागू नाही. दारफूरपुरतीही ती मोडल्याबद्दल बाहेरच्या कोणत्याही देशाला किंमत मोजावी लागलेली नाही.

८ मार्च २०२४ रोजी सुरक्षा परिषदेने १४ विरुद्ध शून्य मतांनी ठराव करून रमजानपुरती लढाई थांबवण्याचे आवाहन केले. रशिया तटस्थ राहिला. तीन दिवसांनी रमजान लागला आणि दुसऱ्याच दिवशी, १२ मार्चला, लष्कराने ओमदुरमानमधले सरकारी रेडिओ-दूरचित्रवाणी केंद्र लढून परत घेतले. २०२५ मध्ये रमजानपूर्वी अदिस अबाबाच्या परिषदेत अमिरातीने २० कोटी डॉलरची मदत जाहीर केली आणि रमजानच्या युद्धविरामाची हाकही दिली. तो रमजानही लढाईतच गेला. २१ मार्चच्या जुम्म्याला लष्कराने खार्टूमचा अध्यक्षीय प्रासाद परत जिंकला.

त्याच रमजानच्या सुरुवातीला, ५ मार्चला, सुदान आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. आरएसएफला मदत करून दारफूरमधल्या मसालित समाजाच्या वंशसंहारात अमिरात सहभागी आहे, असा त्याचा दावा होता. मसालितांवर काय गुदरले ते संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. २०२३ मध्ये एकट्या अल-जनीना शहरात दहा ते पंधरा हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज त्यात दिला आहे. पण ५ मे रोजी न्यायालयाने दावा निकाली काढला. आरोप खोटे आहेत म्हणून नव्हे. वंशसंहारविरोधी करारात सामील होताना अमिरातीने या न्यायालयाचा अधिकार मान्य न करण्याची अट घातली होती, म्हणून. असे आक्षेप नोंदवलेले देश बरेच आहेत आणि भारतही त्यांपैकी आहे. दुसऱ्याच दिवशी सुदानने अमिरातीशी राजनैतिक संबंध तोडले.

ज्यांच्यासाठी हे सगळे चालले होते ती माणसे तेव्हा अल-फाशिरमध्ये अडकली होती. दारफूरमधले लष्कराच्या ताब्यातले हे शेवटचे मोठे शहर. त्याला दीड वर्ष वेढा होता. जून २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेने वेढा उठवा म्हणून बजावले, पण वेढा उठला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या झमझम निर्वासित छावणीत दुष्काळ जाहीर झाला. शहरातले लोक शेंगदाण्याची पेंड आणि जनावरांचे खाद्य खाऊन जगत होते. १९ सप्टेंबर २०२५ ला, जुम्म्याच्या पहाटे फजरची नमाज चालू असताना मशिदीवर ड्रोन हल्ला झाला आणि सत्तरहून अधिक नमाजी मारले गेले. २६ ऑक्टोबरला शहर पडले. तिथल्या प्रसूती रुग्णालयात ४६० हून अधिक रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मारले गेल्याच्या वृत्ताने जागतिक आरोग्य संघटना हादरली. त्या कत्तलीचे चित्रण मारणाऱ्यांनी स्वतःच केले होते.

तिसऱ्याचे काम

दोन गट आपसात लढू लागले तर तिसऱ्याने काय करावे, याबद्दल कुरआनची शिकवण स्पष्ट आहे. त्याने दोघांत समेट घडवावा, जो अतिरेक करतो त्याला रोखावे आणि समेट करताना न्याय सोडू नये. सुदानभोवतीच्या तिसऱ्यांनी याच्या नेमके उलटे केले. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिका, सौदी अरेबिया, इजिप्त आणि अमिरात या चौघांनी तीन महिन्यांच्या मानवतावादी युद्धविरामाचा प्रस्ताव मांडला. अल-फाशिर हाती आल्यावर आरएसएफने नोव्हेंबरमध्ये तो मान्य केला, लष्कराने नाकारला. मध्यस्थांच्या त्या टेबलावर बसलेल्यांपैकी एकावर आरएसएफला रसद पुरवल्याचा आरोप आहे आणि दुसरा उघडपणे लष्कराचा मित्र आहे. अशा मध्यस्थीवर लोकांचा भरवसा बसणे अवघड असते.

तरीही या मध्यस्थांकडे एक ताकद आहे, जी दुसऱ्या कोणाकडे नाही. ज्यांच्या रसदीवर युद्ध चालते त्यांनी रसद थांबवली तर ते मंदावते. त्यासाठी करण्यासारख्या गोष्टीही ठाऊक आहेत. शस्त्रबंदी दारफूरपुरती न ठेवता साऱ्या सुदानला लागू करणे. शस्त्र विकणाऱ्या देशांनी आपला माल कुठे पोहोचला याचा जाब खरेदीदाराला विचारणे. सोन्याच्या बाजारात उगमाचा दाखला सक्तीचा करणे. यातल्या एकाही गोष्टीला सैन्य पाठवावे लागत नाही. अडते ते इथेच की अमिरातीशी सगळ्यांचाच व्यापार आहे. अमेरिका, युरोप, चीन आणि भारतही त्यात आले. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांची चूल तिथल्या पगारावर पेटते. त्या देशाशी मैत्री ठेवण्यात काही गैर नाही. पण मित्राला प्रश्न विचारायचा नाही, असाही मैत्रीचा नियम नाही.

दरम्यान सुदानी माणूस कोणाची वाट पाहत थांबलेला नाही. युद्ध लागताच मोहल्ल्यामोहल्ल्यांत तरुणांनी ‘आपत्कालीन मदत कक्ष’ उभे केले. कोणी जखमींना हलवले, कोणी औषधे गोळा केली, कोणी सामुदायिक चुली पेटवल्या. परदेशी गेलेल्या सुदान्यांनी मोबाइलवरून पैसे पाठवले. दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी या स्वयंसेवकांना हेर ठरवून पकडले, काहींना मारले. २०२५ मध्ये त्यांना ‘राइट लाइव्हलिहुड’ पुरस्कार मिळाला. त्यांच्या कढईत बहुधा डाळ, बीन्स किंवा ज्वारीची लापशी असते आणि रांगेतल्या कोणाला तो कोणत्या बाजूचा, हे विचारले जात नाही. परात घेऊन रस्त्यावर येणाऱ्या त्या देशाची रीत त्यांनी बॉम्बच्या आवाजातही मोडू दिलेली नाही.